तक्रार नसलेल्या माणसाची घरपट्टी

जी सवलत मागितल्याबरोबर मिळते तिच्याबद्दल माणसाला आदर राहत नाही, हे सुसंस्कृत कारभाराचं पहिलं तत्त्व आहे. आमच्या ब्रॅकनशॉ गावच्या नगरपालिकेने ते इतकं मनावर घेतलंय, की तिच्या सवलतींबद्दल गावात पराकोटीचा आदर आहे. बहुतेकांनी त्या अजून पाहिलेल्याच नाहीत.

नियम तसा साधा. घरात अपंग माणूस असेल, आणि त्याच्या अपंगत्वापायी घरातली एखादी खोली मुख्यतः त्याच्याच कामी येत असेल, तर त्या घराची घरपट्टी एक पायरी खालची धरायची. लंडनमधल्या कुणा दयाळू माणसाने हा नियम केला. (दयाळू माणसं नियम करतात आणि निवृत्त होतात, निस्तरायचं मागे राहिलेल्यांनी.) पण नुसती दया म्हणजे कारभार नव्हे. उद्या कुणीही उठेल, स्वतःला अर्धांगवायू करून घेईल, दर्शनी खोलीत दवाखान्याचा पलंग टाकेल आणि घरपट्टीतले चार पैसे लाटेल. असल्या लबाडांना आळा घालायचा तर एकच खात्रीचा उपाय, तो म्हणजे उशीर. लबाड माणूस उतावळा असतो, तो कंटाळून निघून जातो. खरा अपंग कुठे जाणार आहे?

म्हणून नगरपालिकेच्या तळमजल्यावर एकाच दालनात दोन कक्ष आहेत. डावीकडे सवलत कक्ष, उजवीकडे वसुली कक्ष. वसुलीत अकरा माणसं आणि दोन गाड्या. सवलतीत दीड माणूस. (अर्धा फक्त सकाळी असतो.) दोहोंच्या मध्ये कुंडीत एक रबराचं झाड, आणि झाडापलीकडे काय चाललंय ते अलीकडच्यांनी विचारायचं नाही, असा शिष्टाचार. त्यामुळे डावीकडे अर्ज कितीही मुरत पडला तरी उजवीकडून पूर्ण रकमेची मागणी अगदी वेळेवर घरी जाते. लोक उगाच म्हणतात, नगरपालिकेत काम होत नाही म्हणून.

ब्रेंडा हॅस्लमचा अर्ज या डावीकडच्या टेबलावर वसंतात आला आणि तिथेच रमला.

ब्रेंडाचा नवरा नेव्हिल. त्याने जन्मभर गावातली बस चालवली. निवृत्तीनंतर चर्चमागच्या हिरवळीवर दोस्तांबरोबर लाकडी चेंडू घरंगळवत असताना त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. जिना चढणं संपलं. डॉक्टर म्हणाले, पलंग खाली आणा. खाली म्हणजे कुठे, तर दर्शनी खोलीत.

आता दर्शनी खोली म्हणजे काही राहायची जागा नव्हे. आमच्याकडे ती नाताळ, पाद्री आणि मयत यांच्यासाठी राखलेली असते. एरवी घरचे मागच्या स्वयंपाकघरात कोंडून घेऊन राहतात आणि दर शनिवारी पुढच्या खोलीतली न बसलेली धूळ पुसतात. ब्रेंडाच्या आईने हेच केलं, आजीनेही. नवऱ्याला झटका आला तेव्हा ब्रेंडाने धीर सोडला नव्हता. त्या खोलीत कमोडची खुर्ची आली, त्या दिवशी मात्र ती मागे जाऊन ढसाढसा रडली.

तिला घरपट्टी कमी करून हवी होती ती एका टॅक्सीसाठी. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी झटका आलेल्या लोकांचा गाण्याचा वर्ग असतो. बोलताना एकेका शब्दाला अडखळणारा नेव्हिल गाताना धडाधड सुटायचा. का ते डॉक्टरांनाच ठाऊक. तिथून आला की रात्रीपर्यंत चेहऱ्यावर हसू असायचं. पण चाकांच्या खुर्चीसकट माणूस चढवणारी टॅक्सी महाग पडते, आणि घरपट्टी वाढली तेव्हा पेन्शनमध्ये दोन्ही बसेनात. टॅक्सी बंद झाली. घरपट्टी एक पायरी उतरली की ती परत सुरू व्हायची होती. बाकी ब्रेंडाला नगरपालिकेकडून काही म्हणजे काही नको होतं.

ती फोन करायची. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक ध्वनिमुद्रित बाई दर मिनिटाला सांगायची. (मोलाची वस्तू कुणी लगेच वापरून टाकत नाही, ती जपून ठेवतात.) मग कधीतरी एक मुलगा बोलायचा.

"अर्ज मिळाला का रे आमचा?"

"मिळालाय की, मावशी. रांगेत आहे."

"रांग केवढी आहे?"

"ते रांग पुढे सरकली की कळेल."

"मग सरकत का नाही?"

"त्याचं काय आहे, तुम्ही फोन करता, मग तुमचा अर्ज बाहेर काढून बघावा लागतो. बघून झालं की तो सगळ्यांत खाली ठेवायची पद्धत आहे."

"अगं बाई! म्हणजे माझ्यामुळेच उशीर होतोय होय? माफ कर हं पोरा, तुला त्रास झाला."

"चालायचंच, मावशी," मुलगा मोठ्या मनाने म्हणाला.

झाडापलीकडचे लोक असे ढिले नव्हते. नेव्हिलला खोकला होऊन दवाखान्यात ठेवलं होतं त्या महिन्यात ब्रेंडाचा हप्ता दोन दिवस चुकला, तर वसुलीचा माणूस गाडी घेऊन स्वतः दारात हजर. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे बोटभर हलले. ब्रेंडाला धरणी दुभंगावी असं झालं. तिने त्याला चहा विचारला.

अखेर, पानं गळायला लागली तेव्हा, सवलत कक्षातून निरोप आला की निरीक्षक श्री. क्रॉपर खोली पाहायला येतील.

आणि इथे ब्रेंडाने जे केलं, ते ब्रॅकनशॉमधली कुठलीही घरंदाज बाई करेल. पाहुणा येणार, तोही सरकारी, तोही दर्शनी खोलीत! तिने दोन दिवस खोली घासली. दवाखान्याच्या पलंगावर आईची जांभळी गोधडी अंथरून वर उशा रचल्या, की बघणाऱ्याला वाटावं ऐसपैस दिवाण आहे. नेव्हिलला उचलायचं लोखंडी यंत्र मागच्या अंगणात नेऊन ताडपत्रीखाली लपवलं. औषधं पियानोच्या पोटात गेली. कमोडच्या खुर्चीवर भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला, त्यावर नेच्याची कुंडी आणि राणीच्या राज्यारोहणाची बशी. नेव्हिलला एका शेजाऱ्याच्या मदतीने आरामखुर्चीत बसवलं, कोट चढवला, टाय बांधला आणि मेलेला हात शालीखाली नीट झाकला. तो नाही म्हणत होता का? छे. त्याने उलट विचारलं, "बूट... पॉलिश केलेस ना?"

श्री. क्रॉपर आले. तरुण, सभ्य, नाक लाल झालेलं.

"कसे आहात, मिस्टर हॅस्लम?"

"बरा आहे," नेव्हिल म्हणाला. असली उत्तरं त्याला अजून स्वच्छ येत होती, आयुष्यभर घोटलेली.

"जिन्याचं कसं काय?"

"काही त्रास नाही." (हे खरंच होतं. दोन वर्षांत तो जिन्याकडे फिरकलाच नव्हता.)

"काही अडचण, तक्रार?"

"नाही हो. आमच्याहून वाईट लोक आहेत जगात."

श्री. क्रॉपर यांनी चहाचा कप टेबलक्लॉथवर ठेवला, मनुकांचे दोन केक खाल्ले, नेच्याची तारीफ केली आणि आपल्याला सर्दी झाल्याचं सांगितलं. ब्रेंडाने त्यांना आल्याची वडी बांधून दिली. दारापाशी दोघांनी एकमेकांचे इतक्या वेळा आभार मानले, की नेमकं कुणी कुणावर उपकार केले ते ठरेना.

निकाल त्या मानाने झपाट्याने आला. (नकाराला रांग नसते.) सदर खोली स्वागतकक्ष म्हणून उत्तम राखलेली असून तिचा मुख्य उपयोग पाहुण्यांच्या सरबराईसाठी होतो, श्री. हॅस्लम यांची प्रकृती समाधानकारक असून त्यांची तक्रार नाही. सबब अर्ज अमान्य. फेरविचार हवा असल्यास रांगेत यावे.

ब्रेंडाने ते वाचलं आणि तिचा पहिला विचार असा, की समाधानकारक म्हणाले, किती चांगला मुलगा! दुसरा विचार टॅक्सीचा आला, आणि ती मागच्या जिन्यावर बसून राहिली.

शेजारच्या शमीमने तिला तिथेच गाठलं. ही पोर औषधांच्या दुकानात काम करते, गल्लीत वाढली, आणि मनात आलं ते तोंडावर बोलते. आमच्याकडे याला उद्धटपणा म्हणतात आणि अडचणीच्या वेळी तिलाच बोलावतात.

"पाहुण्यांची खोली?" शमीम ओरडली. "आणि कमोड दिसला नाही त्याला?"

"त्याच्यावर कप ठेवला होता त्याने."

"या अल्लाह! ब्रेंडाआंटी, माणूस आजार बघायला आला आणि तुम्ही आजार लपवलात?"

"अगं, पण घाणेरडं कसं दिसू द्यायचं? परका माणूस तो. त्यालाही त्याचे व्याप असतील. बिचाऱ्याला केवढी सर्दी झाली होती."

"त्याला सर्दी झालीय हे तुम्हाला कळलं. अंकलचं अर्धं अंग गेलंय हे त्याला कळलं नाही. असं कसं?"

"त्याने सांगितलं ना सर्दी झालीय म्हणून."

शमीमने कपाळावर हात मारून घेतला.

फेरविचाराच्या रांगेत हिवाळा गेला. तो वाया गेला असं मात्र म्हणता येणार नाही, कारण त्या काळात हॅस्लम घराण्यात प्रथमच तक्रार करण्याचं शिक्षण सुरू झालं. हे सोपं काम नाही. आमचे लोक हवेबद्दल कुरकुरतात, आगगाड्यांबद्दल, फुटबॉलच्या पंचाबद्दल. पण स्वतःबद्दल विचारलं की दातखीळ. (बेकरीच्या रांगेत केलेल्या एका पाहणीनुसार 'कसे आहात' या प्रश्नाला शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी 'बरा आहे' असं उत्तर दिलं. उरलेल्या दोघांपैकी एकाला ऐकू आलं नव्हतं आणि दुसरा स्कॉटलंडचा होता.) शमीम रोज कामावरून आली की पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून निरीक्षक व्हायची.

"कसे आहात, नेव्हिलअंकल?"

"बरा."

"चूक."

"तसा बरा."

"चूक!"

"वाईट... म्हणता येणार नाही."

"म्हणायचं! वाईट म्हणायचं! म्हणा, वा-ई-ट."

"जरा... थकवा असतो," नेव्हिल म्हणाला आणि लाजून लाल झाला. ब्रेंडाने घाईघाईने खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते?

थंडी सरता सरता श्री. क्रॉपर पुन्हा आले. या खेपेला शमीम आधीपासून दाराशी उभी होती आणि तिने कशालाही हात लावू दिला नव्हता. पलंग पलंगासारखा, यंत्र मधोमध, कमोड उघडावाघडा. ब्रेंडा त्याच्यापुढे ॲप्रन पसरून उभी राहायला बघत होती, तिला शमीमने दोनदा बाजूला केलं. नेव्हिल अंगात घरचा सदरा घालून पडून होता.

श्री. क्रॉपर यांनी कमोड पाहिला. मागच्या भेटीत आपण कप कशावर ठेवला होता ते त्यांच्या बहुधा ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चहा नको म्हटलं.

"कसे आहात, मिस्टर हॅस्लम?"

"बरा आ..."

शमीम खोकली.

नेव्हिलने तोंड उघडलं, आणि जे आलं ते शिकवलेल्यातलं नव्हतं.

"नाही. बरा नाहीये मी." एकेक शब्द ओढून काढावा तसा येत होता. "रात्री लघवीला लागलं तरी... मी हाक मारत नाही. सकाळपर्यंत धरून ठेवतो. ती दमलेली असते. मंगळवारी जेवण झालं की... मी म्हणतो, मला खिडकीकडे तोंड करून बसव. तिला वाटतं, बाग बघायचीय. घड्याळ दिसू नये म्हणून. मला गायचं असतं. तिथं मी माणूस असतो, समजलं? इथं कुणी आलं की माझ्यावर शाल घालतात."

"नेव्हिल!" ब्रेंडा म्हणाली.

"आणि ती मागच्या जिन्यावर बसून रडते. तिला वाटतं, टीव्हीच्या आवाजात मला ऐकू येत नाही. माझं अंग गेलंय, कान नाही गेले."

निरीक्षकांना द्यायच्या प्रशिक्षणात चावरी कुत्री, निसरड्या पायऱ्या आणि शिवीगाळ यांचा समावेश आहे. याचा नाही. श्री. क्रॉपर यांनी गळ्याशी हात नेला, टाय सारखा केला आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "आज ऊन छान पडलंय." बाहेर पाऊस कोसळत होता. तिघांनीही हो म्हटलं.

"मग खोली मुख्यतः तुमच्याच कामी येते असं लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिही बाळा," नेव्हिल म्हणाला.

ते गेले, शमीमही गेली. ब्रेंडाने दार लावलं आणि कंबरेवर हात ठेवून पलंगाशी येऊन उभी राहिली.

"दोन वर्षं तू रात्र रात्र धरून ठेवतोस? गाढवा! आणि मला सांगत नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं नाही? अरे, रोज सकाळी विचारते!"

"विचारतेस. 'कसा आहेस, बरा ना?' आणि पडदे उघडायला वळतेस. माझं उत्तर... तुझ्या पाठीला देतो मी."

ब्रेंडाला त्याचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. तिने इकडेतिकडे पाहिलं. बसायला जवळ फक्त कमोडच होता. तिने झाकण लावलं आणि जन्मात पहिल्यांदा दर्शनी खोलीत, ॲप्रन न काढता, भर दुपारी बसली.

"बरं," ती म्हणाली. "आता सांग."

त्याने काय सांगितलं आणि तिने काय सांगितलं, त्याची नोंद कुठे झालेली नाही. तसा रकानाच नाही.

सवलत मंजूर झाली. मंजुरीचा कागद निघायला पुन्हा थोडा वेळ लागला, कारण त्याच्यावर सही करणारा अर्धा माणूस रजेवर होता; पण उन्हाळ्याच्या तोंडी एका मंगळवारी टॅक्सी हॅस्लमच्या दारात लागली. नेव्हिल हॉलपर्यंत पोचायची वाट बघत बसला नाही. गल्लीच्या टोकालाच त्याने गायला सुरुवात केली, सूर बऱ्यापैकी चुकलेला. ड्रायव्हरने खिडकी वर केली आणि ब्रेंडाने ती खाली करायला लावली.

मग नगरपालिकेतून समाधान-पाहणीचा फोन आला. सेवेबद्दल, विशेषतः लागलेल्या वेळेबद्दल, आपण कितपत समाधानी आहात? ब्रेंडाने दीर्घ श्वास घेतला. सगळं सांगायचं तिने ठरवलंच होतं. गेलेले मंगळवार, खाली ठेवला जाणारा अर्ज, जिना, सगळं. पण फोनवरच्या पोरीचा आवाज फार दमलेला वाटला.

"अगदी समाधानी, बाळ," ब्रेंडा म्हणाली. "आमची काही तक्रार नाही."

पाहणीचे आकडे फार बोलके निघाले. अपंग घरपट्टीधारकांपैकी सत्त्याण्णव टक्के समाधानी. (उरलेले तीन टक्के फोनपर्यंत पोचू शकले नाहीत.) एवढं समाधान असताना दीड माणूस ही उधळपट्टी आहे, असं सभागृहाने एकमताने ठरवलं आणि अर्धा माणूस कमी केला. राहता राहिले एकटे श्री. क्रॉपर. लोकांच्या घरी जाऊन बोलण्याच्या त्यांच्या कौशल्याची कदर होऊन त्यांना बढतीवर वसुली कक्षात घेण्यात आलं. आता त्यांच्याकडे गाडीसुद्धा आहे.

सवलत कक्षातली जागा त्यामुळे सध्या रिकामी आहे. पदवीची अट नाही. दुखणाइत माणसाला 'काय, कसं वाटतंय?' असं विचारता यावं, 'बरं आहे' एवढं ऐकून मान डोलावता यावी आणि लगेच पुढच्या कामाला लागता यावं, बस. अनुभव असल्यास प्राधान्य. तुम्ही बेलाशक अर्ज करा. आज सकाळी घराबाहेर पडताना आतल्या खोलीत डोकावून तुम्ही हे काम करूनच निघाला आहात.